ग्लास नळावर होता

ही घटना खरी आहे.

मी आयर्लंडमध्ये, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजता येत नाही ते अहवालात लिहायचं नाही, ही आमची सवय. म्हणूनच ही गोष्ट ऐकल्यानंतर ती लिहायला मला सात वर्षं लागली. जिच्या बाबतीत ती घडली ती दाइवा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तारखा मी तिच्याकडून दोनदा वेगवेगळ्या वेळी विचारून घेतल्या आणि त्या वर्षीच्या तिकडच्या स्थानिक वर्तमानपत्राशी ताडून पाहिल्या. जुळल्या.

लिहायला तिची हरकत नाही. ती एवढंच म्हणाली, "माझं नाव बदलू नकोस."

भुताच्या गोष्टीत रात्र असते. हिच्यात नाही.

मंगळवार होता. १३ ऑक्टोबर २००९. दुपारचे साडेतीन. आयर्लंडच्या पश्चिमेला, स्लायगोपासून बसनं अर्ध्या तासावर, क्लूनबेग गाव. तिथला टार्पींचा पब.

दाइवा तेव्हा एकवीस वर्षांची होती. लिथुएनियातून स्लायगोच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला आलेली. शनिवार-रविवार आणि मंगळवारी दुपारी ती टार्पींकडे काम करायची. ग्लास धुवायचे, तळघरातली बॅरल बदलायची, गिऱ्हाइकांशी हवापाण्याचं बोलायचं. मंगळवारी गर्दी नसायची, म्हणून त्या दिवशी नळ्या धुवायच्या.

बॅरलपासून काउंटरवरच्या नळापर्यंत बिअर ज्या नळीतून येते, ती आठवड्याला धुवावी लागते. कॉस्टिक सोड्याचं, कातडी भाजेल असं द्रावण नळीत भरायचं. अर्धा तास तसंच ठेवायचं. मग पाण्यानं खळखळून काढून टाकायचं.

त्या अर्ध्या तासात नळाच्या दांड्यावर एक ग्लास पालथा घालून ठेवतात.

पाटी नाही, चिठ्ठी नाही. नुसता पालथा ग्लास. तो दिसला की या धंद्यातला माणूस, कितीही घाईत असला तरी, त्या नळाला हात लावत नाही.

हे काम आधी बर्नीकडे होतं. बर्नी गॉहन, पबच्या स्वयंपाकघरातली. अठ्ठावन्न वर्षांची. सूप आणि सँडविच तिच्याकडे, आणि काउंटरवर कोणी नसलं तर तिथेही तीच. मालकीण नूला टार्पीनं नळ्यांचं काम तिच्याकडून काढून दाइवाला दिलं तेव्हा बर्नी कांदा चिरत होती.

"ही केमिस्ट्री शिकते," नूला म्हणाली. "बाटलीवर लिहिलेलं हिला कळतं."

"चौदा वर्षं मी धुतल्या," बर्नी सुरी न थांबवता म्हणाली. "बाटलीवरचं न वाचता. कोणी मेलं नाही."

"मेलं असं कोणी म्हणतंय का?"

"मी आपलं सांगून ठेवते."

दाइवाला तेव्हा हसू आलं होतं. बर्नीनं ते पाहिलं होतं.

रोज साडेतीनला मॅटी रुआन यायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा जीव. सतराव्या वर्षी इंग्लंडला गेला, चाळीस वर्षं कॉव्हेंट्रीत रस्ते खोदले आणि म्हातारपणी गावात परत आला. काउंटरच्या टोकाचं, भिंतीकडचं स्टूल त्याचं. पिणंही ठरलेलं. एक काळी बिअर, आणि ती निवळून बसली की वरून तांबड्या बिअरची दोन बोटं धार. पहिला घोट तो मोठा घ्यायचा. वरची तांबडी सगळी त्या एका घोटात जायची. उरलेला ग्लास मग तासभर पुरवायचा.

"काय लिथुएनिया," तो विचारायचा, "आज काय शिकवलं?"

"काही विशेष नाही. तुम्ही काय केलंत?"

"मी? मी सकाळी उठलो. या वयात तेच पुष्कळ."

बोलता बोलता एकदा तो म्हणाला होता, "परक्या देशात आपण चुकलो ना पोरी, तर ती चूक आपल्या एकट्याची राहत नाही. हे लोक असेच, म्हणतात. मी ऐकलंय ते चाळीस वर्षं."

दाइवाला तो आवडायचा. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना ते विसरायला होईल.

त्या मंगळवारी तीन वाजून वीस मिनिटांनी तिनं तांबड्या बिअरच्या नळीत द्रावण भरलं. नळी जुनी होती, आतून थर धरलेली. म्हणून तिनं द्रावण बाटलीवर सांगितलंय त्याच्या तिप्पट कडक केलं. कोणाला विचारलं नाही. आपल्याला कळतं, असं तिला वाटलं.

मग तिनं ग्लासाला हात घातला. ग्लास नुकतेच धुण्याच्या यंत्रातून निघालेले, बोटं पोळतील इतके गरम. जरा निवू देत, म्हणून तिनं हात मागे घेतला.

तेवढ्यात फोन आला. कॉलेजातली मैत्रीण. दोघींचा एक अहवाल चारच्या आत द्यायचा होता आणि त्यातला एक तक्ता चुकला होता. आत रेंज तुटत होती. दाइवा मागच्या अंगणात गेली.

तिथून तिला बर्नीचा आवाज ऐकू आला. "ये रे मॅटी. ती फोनवर आहे. आज माझ्या हातची घे."

"विष तर घालणार नाहीस ना?"

"तुझ्यावर कशाला वाया घालवू?"

नळाचा खट आवाज. मग शांतता, काळी बिअर बसायला लागते तेवढी. मग दुसरा खट.

तो दुसरा खट दाइवानं ऐकला. तो कोणत्या नळाचा, हेही तिला कळलं. पण फोनवर तिचं वाक्य अर्धं झालं होतं.

तिनं वाक्य पूर्ण केलं.

आणि मग... घोट गिळल्याचा आवाज आला. मोठा, एकच. अंगणापर्यंत तो येणं शक्य नव्हतं. मध्ये दोन भिंती होत्या. तरी तो तिनं ऐकला.

त्यानंतर काहीच नाही. ओरडणं नाही, खुर्ची सरकणं नाही.

ती धावत आत आली तेव्हा मॅटी स्टुलावरच होता. एक हात गळ्याशी, दुसऱ्यानं काउंटरची कड धरलेली. तोंड उघडं. आवाज येत नव्हता. बर्नी त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. "मॅटी? काय झालं रे? घोट अडकला का?"

दाइवानं नळाकडे पाहिलं.

दांडा उघडा होता.

"ॲम्ब्युलन्स," ती म्हणाली. बर्नी फोनकडे, पॅसेजमध्ये पळाली.

पुढे दाइवानं जे केलं त्याला चार सेकंद लागले असतील. तिनं एक ग्लास उचलला आणि तांबड्या नळाशेजारी काउंटरवर पालथा ठेवला. दांड्यावर असलेला कोणीतरी काढून बाजूला ठेवावा, तसा.

ग्लास अजून कोमट होता.

वर पाहिलं तर मॅटी तिच्याकडेच बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर स्वच्छ होती. त्यानं सगळं पाहिलं होतं.

मग ती दूध आणायला धावली.

संध्याकाळी पोलीस सार्जंट आला. त्यानं वही उघडली तेव्हा दाइवानं सांगितलं, "मी ग्लास ठेवला होता."

"नव्हता," बर्नी म्हणाली. "ग्लास असता तर मी नळाला हात लावला असता का? चौदा वर्षं काढलीत मी या काउंटरमागे."

"तिथं शेजारीच पडलाय, बर्नी," नूला हळूच म्हणाली.

बर्नीनं ग्लासाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मॅटी स्लायगोच्या इस्पितळात होता. घसा आतून भाजला होता. बोलणं कायमचं गेलं होतं, पण लिहिता येत होतं. तिसऱ्या दिवशी सार्जंट त्याच्याकडे गेला. मॅटीनं कागदावर दोन वाक्यं लिहिली आणि खाली सही केली.

"ग्लास नळावर होता. बर्नीनं काढला."

दाइवाला हे नूलानं सांगितलं. तळघराच्या जिन्यात, तिच्या खांद्यावर हात ठेवून. "तू मनाला लावून घेऊ नकोस पोरी. तुझं काही चुकलं नाही. मॅटीनंच लिहून दिलंय."

दाइवा खाली गेली आणि बॅरलवर बसून राहिली. आपण वाचलो, हा पहिला विचार तिच्या मनात आला. मला हे सांगताना तिनं तो शब्द दोनदा म्हटला. पहिला.

बर्नीला त्याच आठवड्यात घरी बसवलं. गावात बोलणं सुरू झालं. ती कामावर थोडी घ्यायची म्हणे. स्वयंपाकघरात बाटली असायची म्हणे. शेवटच्या पगाराच्या दिवशी ती आपला एप्रन घडी करून ठेवायला आली. दाइवाला वाटलं, आता ही आपल्याला दोन शब्द सुनावणार.

"मॅटीनं लिहिलंय तर असेल," बर्नी म्हणाली. "तो कशाला खोटं लिहील? मीच काढला असेन. मला आठवत कसं नाही, तेवढंच कळत नाही."

दाइवानं एप्रन घेतला आणि आत नेऊन ठेवला.

इस्पितळात ती एकदा गेली. वॉर्डच्या दारापर्यंत. आतून कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता. तिथूनच परतली.

५ नोव्हेंबरला मॅटी गेला. फुप्फुसात पाणी झालं होतं.

नंतरच्या मंगळवारी, १० तारखेला, पबमध्ये दोनच गिऱ्हाइकं होती. खिडकीजवळच्या बाकावर पॅकी डरकन आणि त्याचा मेहुणा. त्या वर्षी नोव्हेंबरात पाऊस थांबतच नव्हता. साडेतीनलाच आत दिवे लावलेले.

पॅकीनं काळी बिअर मागितली. दाइवानं भरली. काळी बिअर भरली की ग्लासात तपकिरी ढग उसळतात आणि दोन मिनिटांत खाली बसतात. ती वाट पाहत उभी राहिली.

दोन मिनिटं झाली. ढग उसळतच होते.

तिनं घड्याळ लावलं. शिकलेली मुलगी, तिला दुसरं सुचलं नाही. पाच मिनिटं... आठ... अकरा. बॅरल नवीन होतं, दाब बरोबर होता, ग्लास स्वच्छ होता. बिअर बसायला तयार नव्हती.

आणि मग भिंतीकडच्या स्टुलावरून... घोट गिळल्याचा आवाज आला.

मोठा. एकच.

स्टूल रिकामं होतं.

तिनं पुन्हा ग्लासाकडे पाहिलं. बिअर बसली होती.

"माझी बिअर काय लिथुएनियाहून येतेय?" पॅकी बाकावरून म्हणाला.

त्यानं काही ऐकलं नव्हतं.

शनिवार-रविवारच्या गजबजाटात काही कळायचं नाही. पुढच्या मंगळवारी ती आधीपासून घाबरलेली होती. पॅकी त्या दिवशी काउंटरवर बसला होता, मॅटीच्या स्टुलाच्या शेजारी. मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत होता. साडेतीन वाजले.

बोलता बोलता पॅकीनं आपला ग्लास उचलला... आणि स्वतःचं स्टूल वीतभर अलीकडे ओढलं. कोणी मागून येऊन बसायला लागलं की आपण सरकतो, तसं. बोलणं थांबलं नाही.

"कोणासाठी सरकलात?" दाइवानं विचारलं.

"कोण? मी?" पॅकीनं खाली पाहिलं. मग शेजारी पाहिलं. "नाही बुवा." पण उरलेली बिअर त्यानं उभ्यानं संपवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर दाइवा आत एकटी होती.

मग... पेन्सिलीचा आवाज.

कागदावर नाही, पुठ्ठ्यावर. ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकत्या असतात ना, तसल्या. दाबून, सावकाश, ओळ संपली की जरा थांबून. दाइवा जागची हलली नाही. आवाज थांबल्यावर ती स्टुलाजवळ गेली. समोर एक चकती होती. कोरी.

तिनं ती उजेडात तिरकी धरली. पृष्ठभागावर बारीक खळगे होते. तिनं स्वतःची पेन्सिल आडवी करून वरून हलकेच फिरवली. दाबलेली जागा पांढरी राहते, बाकीची काळी होते. अक्षरं वर आली.

ग्लास नळावर होता.

खाली पुन्हा तेच. ग्लास नळावर होता. त्याखाली पुन्हा. चकतीच्या दोन्ही बाजूंना, कडेकडेनं गोल, जागा संपेपर्यंत. शाळेत शिक्षा म्हणून एकच वाक्य शंभरदा लिहायला लावतात, तसं.

शेवटच्या ओळींमधलं अक्षर वाकडं झालं होतं. हात थकल्यावर होतं तसं.

दाइवा मला म्हणाली, "तो मला घाबरवायला आला असता तर बरं झालं असतं. तो कोणाला घाबरवत नव्हता. माझ्यासाठी त्यानं एक खोटं लिहिलं होतं, आणि आता ते त्याच्याकडून सुटत नव्हतं. भोगायला हवं होतं मी, आणि लिहीत बसला होता तो."

चकती तिनं शेगडीत टाकली. पुढच्या मंगळवारी दुसरी मिळाली. १ डिसेंबरला ती कामावर गेलीच नाही. ताप आहे, असं नूलाला कळवलं आणि स्लायगोच्या खोलीत अंथरुणात पडून राहिली. साडेतीनला तिच्या अभ्यासाच्या टेबलावरून... सावकाश... दाबून लिहिण्याचा आवाज आला.

तिनं डोक्यावर उशी घेतली. आवाज उशीच्या आत होता.

शनिवारी, ५ डिसेंबरला, मॅटीची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली स्मरणाची प्रार्थना, होती. मिस्सा संपल्यावर सगळे टार्पींच्या पबमध्ये आले. सूप, सँडविच, चहा, ज्याला हवी त्याला बिअर. मॅटीची बहीण कॅथलीन गोलवेहून आली होती. सार्जंट साध्या कपड्यांत होता. मॅटीचं स्टूल रिकामं ठेवून त्याच्यासमोर त्याची काळी-तांबडी भरून ठेवली होती.

बर्नीही आली. दाराजवळ, अंगावरचा कोट न काढता बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिनं केलेलं सूप नव्हतं म्हणून कोणीतरी कुजबुजलं, "आज तरी निर्धास्त प्यायला हरकत नाही." दोघं-तिघं हसले. बर्नी चहाच्या कपात बघत राहिली.

साडेतीन वाजायला आले होते. दाइवाच्या हातात सँडविचचा ट्रे होता. तिनं तो खाली ठेवला.

"ग्लास नळावर नव्हता," ती म्हणाली.

आवाज फार मोठा नव्हता, पण जवळची माणसं थांबली. मग त्यांच्या शेजारची.

"मी ठेवलाच नव्हता. बर्नीनं काढला नाही. ती फोन करायला गेली तेव्हा मी ग्लास तिथं ठेवला. मॅटीनं बघितलं होतं. त्यांनी माझ्यासाठी खोटं लिहिलं."



मग कॅथलीन म्हणाली, "माझा भाऊ मरणाच्या दारात खोटं लिहील?" ती चिडली नव्हती. फक्त विचारत होती.

"त्यांनी माझ्यासाठी..."

"ज्या हातानं त्यानं ते लिहिलं, त्याच हातात दुसऱ्या दिवशी जपमाळ होती. मी स्वतः दिली होती."

नूला काउंटरमागून आली आणि तिनं दाइवाचा दंड धरला. "बर्नीची कीव येते ना तुला? मलाही येते. पण असं नाही करायचं पोरी. गेलेल्या माणसाला खोटं नाही पाडायचं. त्याला उत्तर देता येत नाही."

"मी खरं सांगतेय."

"अभ्यासाचा ताण आहे तिला," नूला इतरांना म्हणाली.

दाइवानं सार्जंटकडे पाहिलं. त्यानं हातातलं सँडविच बशीत ठेवलं. "सोमवारी ठाण्यात ये. लिहून घेतो. आज नको."

आणि लोक पुन्हा बोलायला लागले. आधी हळू, मग नेहमीसारखे. कोणी तिच्यावर थुंकलं नाही, कोणी हाकललं नाही. एका म्हातारीनं तर तिचा गाल थोपटला. दयाळू मुलगी, म्हणाली.

दाइवा सांगते, की तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लाज ती. गालावरचा तो हात.

बर्नी उठली होती. दारातून तिनं मानेनंच खूण केली. दाइवा तिच्या मागोमाग गेली.

बर्नीचं घर चर्चच्या मागे. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या. बर्नीनं किटली ठेवली, पण ती चालू करायला विसरली. मग लक्षात आल्यावर बटण दाबलं आणि बटणावरच हात ठेवून उभी राहिली.

"माझी आई अशीच गेली," ती म्हणाली. "विसरत विसरत. आधी किटली, मग रस्ता, मग मी. दोन महिने मी रोज रात्री उजळणी करतेय. नळाशी गेले, दांडा ओढला. ग्लास कुठे होता? कधी मला दिसतो, कधी दिसत नाही. आताशा दिसायला लागलाय. डॉक्टरकडे जाऊन डोक्याचे फोटो काढून आले मी. त्यांना काही सापडलं नाही. मला वाटलं, त्यांनाही कळत नाहीये."

"मला माफ कर," दाइवा म्हणाली.

"सगळ्यांसमोर बोलून बरं वाटलं का तुला?"

"नाही."

"मग ठीक आहे," बर्नी म्हणाली.

तेव्हा... टेबलावरून आवाज यायला लागला. दाबून. सावकाश. ओळ संपली की थांबून.

दाइवानं बर्नीकडे पाहिलं. बर्नीनंही तिच्याकडे पाहिलं.

"तुलाही येतो ऐकू?" बर्नीनं विचारलं. आणि ती खुर्चीत बसून रडायला लागली. "मला वाटलं, हेही माझ्याच डोक्यातलं."

दोघी बसून राहिल्या. पाण्याला उकळी आली, किटली आपोआप बंद झाली. लिहिणं थांबलं नाही. बर्नी शेवटी टेबलाकडे बघून म्हणाली, "पुरे आता, मॅटी. तिनं सांगितलंय."

जरा वेळ शांतता.

मग पुन्हा सुरू झालं.

दाइवानं सोमवारी ठाण्यात सगळं लिहून दिलं, द्रावण तिप्पट कडक केल्याचंही. फेब्रुवारीत मृत्यूची चौकशी झाली. तिथंही सांगितलं. मॅटीचा आणि तिचा, दोन्ही कागद समोर ठेवले गेले आणि अपघाती मृत्यू असा निकाल झाला. दोष कोणाचाच निघाला नाही. गावानं मात्र मॅटीचा कागद धरून ठेवला. नूलानं बर्नीला परत बोलावलं नाही. दाइवा त्यानंतर कुठल्याही पबमध्ये कामाला गेली नाही.

इथपर्यंत सगळं मी दाइवाकडून ऐकलेलं. ऐकताना मी मनात कारणं शोधत होते. अपराधी मन, पावसाळी दुपार, दोन बायकांची एकमेकींना लागलेली भीती. एखाद्या अहवालात मी असंच काहीतरी लिहिलं असतं.

बर्नी आता स्लायगोच्या वृद्धाश्रमात आहे. तिला भीती वाटत होती तेच झालं, फक्त पुष्कळ वर्षांनी. नातेवाइकांची नावं गेली, गावाचं नाव गेलं. दाइवा दर दुसऱ्या रविवारी तिच्याकडे जाते. या मार्चमध्ये मी सोबत गेले.

दुपार होती. वेळ मी मुद्दाम पाहिली नाही. बर्नी खिडकीजवळ बसली होती. बारीक, स्वच्छ, केस विंचरलेले. दाइवाला तिनं ओळखलं नाही. माझ्याकडे बघून मात्र हसली आणि खालच्या आवाजात, गुपित सांगावं तसं म्हणाली, "माझ्या हातून एक माणूस गेला बरं का."

"नाही, बर्नी," दाइवा म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं, हे ती दर वेळी म्हणते. "ग्लास नळावर नव्हता. मी ठेवलाच नव्हता."

"होता," बर्नी म्हणाली. "मला दिसतोय ना. मीच काढला."

बाकी सगळं विसरून तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

"नव्हता, बर्नी. तो मी..."

बर्नीनं हात वर केला. तिची नजर आमच्या दोघींच्या मधून, टेबलावर कुठेतरी होती. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या कामात असलेल्या माणसाला त्रास होऊ नये, एवढीच काळजी होती.

"जरा थांब," ती म्हणाली. "त्याचं लिहून होऊ दे."

दाइवानं मान खाली घातली. मी टेबलाकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं.

आम्ही तिघी थांबलो. मी खरंच सांगते, थांबावंच लागलं. ओळ अजून संपायची होती.